मागच्या एक्सलचा मेस्त

मेस्ताची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मेस्त म्हणजे मेस्त्री. गोव्यात सुर्ल्याला रस्त्याच्या कडेला त्याचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे फणसाच्या सावलीत घातलेले चार पत्रे. तिथे मी पिकअप उभी केली, खाली उतरलो आणि नमस्कार केला. मेस्त गाडीला वळसा घालून थेट मागे गेला आणि म्हणाला, "चलव." मी परत वर चढलो. गाडी हळूहळू पुढे निघाली आणि मेस्त मागच्या चाकाकडे कान करून, पाठ वाकवून तिच्याबरोबर चालू लागला. पन्नास पावलं पुढे, पन्नास पावलं मागे. मग ताठ होऊन त्याने माझ्या पिकअपच्या मागच्या फळीला विचारलं, "खयचो तू?"

मी आमोण्याचा आहे, मांडव घालायचा धंदा करतो, जत्रेतल्या नाटकांना स्टेज आणि पडदे पुरवतो, असं मी सांगितलं.

"मगे लोखंडी पायपी घालतंस. चाळीसभर. आणि फळ्ये सगळे डाव्या बाजूक."

पायपा त्रेचाळीस होत्या. फळ्या मी डावीकडेच रचायचो, कारण उजवीकडे पडद्यांच्या पेट्या असत. मी चकित होऊन त्याच्याकडे पाहत राहिलो. तो मात्र तेव्हाही चाकाकडेच पाहत होता. माझा चेहरा त्याने नीट पाहिला तो बहुधा दुसऱ्या वर्षी. तोवर रस्त्यात मी समोरून आलो तर तो ओळख दाखवत नसे. मी पुढे गेलो की मागून हाक येई, "अरे पात्रांव!" पात्रांव म्हणजे मालक. पिकअपच्या मालकाला तो एवढाच मान देत असे.

मेस्त मूळचा सिंधुदुर्गातला, शिरोड्याकडचा. खाणी जोरात होत्या त्या काळात तो सुर्ल्याला आला आणि मातीचे टिपर दुरुस्त करायला लागला. टिपरचं सगळं ओझं मागे. त्यामुळे मेस्ताचं आयुष्य मागच्या दोन चाकांच्या मधे, पाठीवर झोपून गेलं. हळूहळू त्याने बाकीची गाडी सोडूनच दिली. इंजिन, गियरबॉक्स, स्टिअरिंग यांना तो हात लावत नसे. ती कामं करणाऱ्या मेस्त्रींना तो 'पुढारी' म्हणायचा. गाडी सुरूच होत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे आलं तर म्हणायचा, "ता पुढाऱ्यांचा काम. तेंका आवाज करूची सवय आसा. ढकलत हाडलंस तर पाठचा बघतंय." आणि ढकलत आणलेल्या गाडीचं मागचं तपासून, ते ठीक आहे असं सांगून, तिला तशीच ढकलत परत पाठवायचा.

गियर ऑइल तो बोटावर घेऊन हुंगत असे. "ह्या तेल तिसऱ्या हाताचा," असा निकाल द्यायचा. बेअरिंग लागलं तर म्हापशाला मिळत असूनही वास्कोला जायचा, कारण वास्कोच्या दुकानदाराच्या हाताला घाम येत नाही असं त्याचं म्हणणं होतं. बसमधून जाताना तो कायम शेवटच्या बाकावर, मागच्या चाकाच्या वर बसे. पुढे जागा मोकळी असली तरीही. एकदा त्याने कंडक्टरला सांगितलं की उजव्या बाजूचं बेअरिंग आठ दिवसांत जाणार. कंडक्टर म्हणाला, तुम्ही गप बसा हो मेस्त. नवव्या दिवशी ती बस चढणीवर बंद पडून राहिली. मेस्त त्याच बसमध्ये होता. त्याचा चेहरा पडला होता. आपला एक दिवस चुकला म्हणून.

माणसांनाही तो असाच तपासायचा. आमच्या गावचे निवृत्त हेडमास्तर एकदा माझ्याबरोबर गॅरेजवर आले होते. ते बाजूच्या हॉटेलात चहा प्यायला निघाले, तर मेस्त त्यांच्या पाठमोऱ्या चालण्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मास्तर, तुमच्या डाव्या जॉइंटात ग्रीस नाय." मास्तर रागावले. गोव्यातल्या तीन शाळा चालवलेला माणूस तो, त्यांना कोणी असं बोललं नव्हतं. घरी जाईपर्यंत ते माझ्याशीही बोलले नाहीत. महिन्याने डॉक्टरांनी त्यांच्या डाव्या खुब्याचा फोटो काढला आणि जवळजवळ तेच सांगितलं, फक्त ग्रीस हा शब्द वापरला नाही. त्यानंतर मास्तर कोणी विचारलं की सांगत, "निदान सुर्ल्याला झालं. डिचोलीला फक्त शिक्कामोर्तब."

खाणी बंद पडल्या तेव्हा मेस्ताची सगळी गिऱ्हाइकं एका रात्रीत थांबली. टिपर माळावर ओळीने उभे राहिले. पहिल्या पावसाळ्यात त्यांच्या चाकांभोवती गवत आलं, दुसऱ्यात वेली चढल्या. ड्रायव्हर गेले, मालकांनी तोंड फिरवलं. मेस्त मात्र दर रविवारी सकाळी आपला जॅक खांद्यावर घेऊन माळावर जायचा. एकेका टिपरचं मागचं चाक उचलायचं, हाताने वीस-पंचवीस फेरे फिरवायचं, जॅक उतरवायचा, पुढच्या टिपरकडे जायचं. साखळी गावच्या एका टिपरमालकाने हे लांबून पाहिलं आणि हा टायर चोरतो आहे असं समजून पंचाला बोलावून आणलं. पंचाबरोबर वाटेत चार बघेही मिळाले. मीही त्या दिवशी तिथे होतो.

"टायर माका कित्याक?" मेस्त म्हणाला. "गाडी उभी रवली काय तेल खाली बसता. वरचे दात सुकतत. मगे गंज धरता."

"पण तुका कोणी सांगितलंय फिरवूक?" मालकाने विचारलं.

"कोणी नाय."

"मगे?"

मेस्ताला हा प्रश्नच कळला नाही. त्याने जॅक पुढच्या चाकाखाली, म्हणजे पुढच्या टिपरच्या मागच्या चाकाखाली लावला आणि कामाला लागला. पंचाने मालकाकडे पाहिलं, मालकाने चपलेकडे पाहिलं, आणि मंडळी पांगली. काही वर्षांनी त्यातले थोडे टिपर पुन्हा रस्त्यावर आले. त्यांचे ड्रायव्हर म्हणायचे, इंजिन खोकतं, ब्रेक चिकटतात, पण मागून एक शब्द येत नाही.

आता माझ्या पिकअपकडे येतो. मेस्ताची जी गोष्ट आमच्या भागात अजून सांगितली जाते ती तिच्यामुळे घडली.

माझी पिकअप जुनी. कंपनीने तिला जो मागचा एक्सल दिला होता तो भाजीपाला नेण्याच्या लायकीचा. मी तिच्यात लोखंड आणि फळ्या घालत होतो. एक दिवस मयेच्या उतारावर मागून काड् असा आवाज झाला, गाडी डावीकडे बसली, आणि माझं स्वतःचं चाक मला ओव्हरटेक करून पुढे गेलं. ते सरळ उतरत गेलं, वळणावर वळलं, मी वळलो असतो त्याहून बरं वळलं, आणि सायकलवरून पाव विकत चाललेल्या पोदेराच्या समोर जाऊन आडवं झालं. मी धापा टाकत पोचलो तेव्हा पोदेर ते उभं करून धरून होता. "तुजें?" त्याने विचारलं. जणू रस्त्यातून आणखीही कोणाची चाकं जात होती.

मेस्ताने तुटलेला तुकडा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. या जातीच्या एक्सलात दांडा तुटला की चाक दांड्यासकट बाहेर पडतं. जड गाड्यांची रचना वेगळी असते, तिथे दांडा तुटला तरी चाक जागेवर राहतं. "पात्रांव," तो म्हणाला, "ह्या दुरुस्त करूचा नाय. ह्या काढूचा. तुका जड हौसिंग घालूया." मागच्या दोन चाकांना जोडणारी आडवी लोखंडी नळी असते ना, मधे डिफरन्शियलचं डेऱ्यासारखं पोट असलेली, तिला गॅरेजवाले हौसिंग म्हणतात. अख्खी हौसिंगच बदलायची, असं त्याचं म्हणणं. आणि कुठली घालायची तेही त्याच्या डोक्यात तयार होतं. पेडण्याला एका भाटकारणीच्या, म्हणजे बागमालकिणीच्या, काजूच्या बागेत एक जुनी दणकट जीप पडून होती. तिच्यावर मेस्ताचा सहा वर्षं डोळा होता.

भाटकारीण सत्तरीची, नऊवारी नेसणारी, नवऱ्याच्या माघारी बाग एकटीने सांभाळणारी. तिने आमचं सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाली, "एक्सल न्या. माझी ना नाही. पण आता नाही नेता येणार. जीपमध्ये कोंबडी बसली आहे."

आम्ही जाऊन पाहिलं. मागच्या सीटवर, नेमकी एक्सलच्या वर, एक तांबडी कोंबडी बारा अंड्यांवर बसली होती. तिने मेस्ताकडे एका डोळ्याने पाहिलं.

"हिका उचलून टोपलेत ठेवूया?" मेस्ताने विचारलं.

"मोडली की परत बसायची नाही ती," भाटकारीण म्हणाली. "पिल्लं निघू देत."

जत्रा तीन आठवड्यांवर होती. सुर्ल्याच्या पुढे पाच किलोमीटरवरच्या गावचं नाटक, सतरा वर्षं माझ्याच स्टेजवर होत आलेलं. त्या गावचे लोक वर्षभर मुंबई-पुण्याला नोकऱ्या करतात आणि त्या एका प्रयोगासाठी रजा काढून येतात. ते चुकलं असतं तर मला पुन्हा त्या गावात तोंड दाखवता आलं नसतं. मी दुसरी गाडी शोधू लागलो, पण जत्रांच्या दिवसांत माझ्या मापाची गाडी रिकामी कुठली मिळायला. मेस्त म्हणाला, थांब, होईल.

त्या तीन आठवड्यांत आम्ही चार वेळा पेडण्याला गेलो. मेस्त जीपच्या खाली शिरून बोल्ट आधीच ढिले करून ठेवणार होता. पण भाटकारणीने बजावलं, हातोडा मारायचा नाही, अंडी हलतात. दहा-बारा वर्षं गंजलेले बोल्ट, आणि हातोडा नाही. मेस्त रॉकेलच्या चिंध्या गुंडाळून ठेवायचा आणि पान्याने केसभर, केसभर फिरवायचा. वर कोंबडी, खाली मेस्त. जरा कुठे आवाज झाला की वरून गुरगुर आणि खालून "नाय गो, नाय मारणंय" अशी समजूत. तिसऱ्या खेपेला पाहिलं तर कोंबडी त्याला बघून पिसं फुलवेनाशी झाली होती. भाटकारीण पायरीवर बसून हे बघायची. मला एकदा हळूच म्हणाली, "माझ्या घरातल्यांनी ही जीप चालवली त्यापेक्षा हा माणूस हिला जास्त मायेने सोडवतो आहे."

बारातली अकरा पिल्लं निघाली. भाटकारणीने मेस्ताला एक नारळ दिला. जत्रेला दोन दिवस उरले होते.

हौसिंग सुर्ल्याला आली तेव्हा, जत्रेच्या आदल्या दिवशी, माझी बायको गॅरेजवर होती. आमच्या धंद्यातले पडदे तीच शिवते. राजवाड्याचा पडदा खालून उसवला होता आणि तो पसरायला घरात जागा नव्हती, म्हणून ती फणसाखाली चटई टाकून दोरा घालत बसली होती. मेस्त घाईत होता. मी त्याला घाईत कधी पाहिलंच नव्हतं. अडचण अशी होती की जीपमध्ये पाट्यांची स्प्रिंग एक्सलच्या खालून जाते, आणि माझ्या पिकअपमध्ये वरून. त्यामुळे स्प्रिंगा टेकायच्या बैठका त्या हौसिंगवर खालच्या अंगाला होत्या, आम्हाला हव्या होत्या वरच्या अंगाला. त्या कापून वर वेल्ड करण्यात अर्धा दिवस गेला असता. मेस्ताने हौसिंगकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं (तेव्हा तो माझ्याकडे पाहू लागला होता), आणि हौसिंगच पालथी घातली. बैठका आपोआप वर आल्या. त्याला इतका आनंद झाला की त्याने स्वतःहून चहा मागवला.

बायकोने सुई थांबवली. ती पेडण्याकडची, मेस्ताची भाषा तिची जवळची.

"मेस्त, एक विचारू?"

"विचारा वैनी."

"ही अशी उलटी बसयलास तर चाकां उलटी फिरूची नायत मां?"

मेस्त हसला. "तुमका ह्या कोणी सांगितला?"

"सांगूक कोणी नाय. माझ्या मशीनच्या पट्ट्याक पीळ पडलो काय चाक उलट्या बाजून फिरता. म्हणून विचारलंय."

"वैनी, शिवणाच्या मशीनीत आणि डिफ्रन्सलात फरक आसा."

"काय फरक?"

मेस्ताने विचार केला. "मशीनीर बसान काम करतत. ह्येच्या खाली आडवा पडूचा लागता."

बायकोने मान हलवली आणि परत दोरा घालायला लागली. मला त्या वेळी मेस्ताचं म्हणणं फार पटलं होतं, हे मला इथे कबूल केलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे जत्रेच्या सकाळी, पिकअप भरून तयार होती. पायपा, फळ्या, पेट्या, सगळं. नव्या हौसिंगच्या खालच्या बाजूने तेलाचे थेंब पडत होते. मी दाखवले तर मेस्त म्हणाला, "नवी जागा. घाम येता." खरं म्हणजे हवा जायचं जे भोक वर असायला हवं ते खाली आलं होतं, पण हे मला नंतर कळलं. शेजारच्या हॉटेलवाल्याने चाकाखाली लिंबू ठेवलं. बायको माझ्या शेजारी बसली. मेस्त नेहमीप्रमाणे मागे जाऊन कान लावून उभा राहिला. मी पहिला गियर टाकला आणि क्लच सोडला.

गाडी मागे गेली.

मागून आरोळी आली आणि जुन्या टायरांचा ढीग कोसळल्याचा आवाज झाला. मी ब्रेक दाबून खाली उतरलो. मेस्त टायरांच्या ढिगात कमरेपर्यंत रुतून बसला होता.

"रिवर्स कित्याक घातलंस?" तो ओरडला.

"पहिल्यातच आसा!"

"पयलो काढ आणि परत घाल!"

काढून परत घातला. गाडी आणखी एक हात मागे आली. मेस्ताने पाय वर घेतले.

"दुसरो घाल!"

दुसऱ्यात ती जास्त वेगाने मागे आली.

थोड्या वेळाने टायरांतून बारीक आवाज आला, "रिवर्स घाल." मी रिवर्स टाकला. पिकअप शांतपणे, एखाद्या शहाण्या गाडीसारखी पुढे निघाली.

माझ्या पिकअपला आता पुढे जायला एक गियर होता आणि मागे जायला चार.

बायको केबिनमध्ये बसून समोर बघत होती. तिने एक अक्षर काढलं नाही. तेवीस वर्षांच्या संसारात मी तिचं काही न बोलणं ओळखायला शिकलो आहे, आणि एवढं मोठं मी कधी ऐकलं नव्हतं.

सकाळचे दहा वाजले होते. संध्याकाळी चारच्या आत स्टेज उभं राहायला हवं होतं. मेस्त ढिगातून बाहेर आला, कपडे झटकले आणि म्हणाला, "पाच किलोमीटर. पुढे जावक एक गियर आसा. एक पुरता."

रिवर्स गियरात पुढे जायचं म्हणजे माणसाच्या झपझप चालीचा वेग. इंजिन किंचाळत होतं, आणि त्याच्याही वर दुसरा एक आवाज होता. माझ्या पिकअपला रिवर्स टाकला की मागे दिवा लागतो आणि हॉर्न वाजतो. तो हॉर्न मी मोठ्या हौसेने बसवून घेतलेला, आरतीच्या चालीचा. तो आता थांबेचना. मेस्ताला म्हटलं, वायर तोडा. तो म्हणाला, "वायरी माझ्यो नाय," आणि मागे चालत राहिला.

तर अशी आमची वरात निघाली. पुढे किंचाळणारी पिकअप, तिच्यातून सलग आरती, आणि मागे पाठ वाकवून, कान देऊन, उन्हातून चालणारा मेस्त. रस्त्यावरची माणसं कुठल्या देवाची मिरवणूक म्हणून बाजूला होऊ लागली. एका आजीने पायरीवरून उतरून हात जोडले आणि पदराच्या गाठीतलं फूल बॉनेटवर टाकलं. शाळेत निघालेली मुलं थोडा वेळ मेस्ताच्या मागे वाकून चालली. एक म्हातारा सायकलवरून आम्हाला मागे टाकून गेला आणि परत फिरून विचारायला आला, "पालखी मागे आहे की पुढे?" बायकोने खिडकीतून तोंड बाहेर काढून उत्तर दिलं, "पालखी हीच." तेव्हा मला कळलं की ती मघापासून हसू दाबून बसली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मग मलाही आवरेना, आणि आम्ही दोघं त्या आरतीत हसत हसत सव्वाअकराला देवळापाशी पोचलो.

गावकऱ्यांनी सामान उतरवून घेतलं आणि स्टेज उभं राहायला लागलं. मेस्त पाणीसुद्धा न पिता गाडीखाली शिरला. जत्रेची कमान उभारणाऱ्याकडे वेल्डिंगचं मशीन होतं. ते मागून घेतलं, हौसिंग खाली काढली, सरळ केली, बैठका कापून वर जोडल्या, आणि परत चढवली. मी मदत करायला गेलो तर म्हणाला, "तू स्टेज बघ." चारच्या सुमाराला त्याने मला हाक मारली. पहिला गियर टाकला. गाडी पुढे गेली. दुसरा, तिसरा. पुढेच. आवाज नाही, थेंब नाही.

मेस्त हात पुसत स्टेजपाशी आला. बायको शिडीवर चढून राजवाड्याचा पडदा बांधत होती. खाली अर्धा रंग लावलेले राजा आणि प्रधान उभे होते, आणि राणीचं काम करणारा पोस्टमन दाढी करत होता. मेस्त त्या सगळ्यांच्या मधे उभा राहिला आणि मान वर करून मोठ्याने म्हणाला, "वैनी, तुमची मशीन बरोबर होती."

बायको म्हणाली, "आधी जेवा तुमी. सकाळपासून पोटात काय नाय."

देवळाच्या ओसरीवर तो जेवायला बसला. अर्ध्या जेवणात त्याने मला विचारलं, "वैनींनी काल तसा विचारला तेवां तुझ्याय मनात शंका इली मां?" मी म्हटलं, खरं सांगू, मला तुमचंच पटलं होतं. तो म्हणाला, "मगे आपण दोघय सारकेच," आणि त्याला बरं वाटलं असावं, कारण त्याने आणखी भात मागितला.

त्या दिवसानंतर मेस्तात एक फरक पडला. कुठलंही नवं काम घेण्याआधी तो मला फोन करायचा आणि म्हणायचा, "वैनीक दी." मग एक्सल, बैठका, दांडे असं सगळं तो तिला समजावून सांगायचा आणि शेवटी विचारायचा, "कसा वाटता?" बायकोला त्यातलं निम्मं कळायचं नाही. ती दोन प्रश्न विचारायची. पुष्कळदा त्यातला एक बरोबर जागी लागायचा. मेस्ताचं गिऱ्हाईक मला भेटलं की आदराने विचारी, तुमच्या घरच्यांनी गाड्यांचं शिक्षण कुठे घेतलं?

गेल्या वर्षी मेस्ताचे गुडघे गेले. गाडीखाली जाता येत होतं, बाहेर येता येत नव्हतं. दोनदा त्याला पाय धरून ओढून काढावं लागलं. तिसऱ्यांदा ओढल्यावर त्याने तिथल्या तिथे ठरवलं की पुरे. त्याचं सामान घरी पोचवायचं काम माझ्या पिकअपने केलं. चार जॅक, बेअरिंगांचे डबे, एक ट्रंक. बायकोही बरोबर होती. आम्ही किरणपाणीचा पूल ओलांडला, आरोंद्यावरून शिरोड्याच्या अलीकडे त्याच्या घरी गेलो. मेस्त वाटभर मागे हौद्यात बसला होता. केबिनमध्ये जागा होती, पण आग्रह करण्यात अर्थ नव्हता.

त्याची बायको आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. बुटकी, तडफदार बाई. महिन्यातून एकदा घरी येणाऱ्या नवऱ्यावर तिने चाळीस वर्षं काढली होती. ट्रंक आणि जॅक उतरताना पाहून तिने कपाळाला हात लावला. "ह्या भंगार खयचा?" मग माझ्या बायकोला आत नेऊन चहा टाकता टाकता म्हणाली, "थय खाणीर हे वॉचमन होते ना? माका कधी धड सांगूक नाय. घरातलो नळ तीन वर्षां गळता. एक दिवस हात लावूक नाय." नळाला फडकं बांधलं होतं. मेस्त ओट्यावरून म्हणाला, "नळ माका कळणा नाय."

चहा झाला. आम्ही निघायला उठलो तेव्हा मेस्त घुटमळला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "हिका जरा दर्यापर्यंत फिरवन हाडतंस? मी दुरुस्त केलेल्या गाडयेत ही कधी बसाक नाय."

ती आधी नको म्हणाली. मग पातळ बदलून आली. केबिनमध्ये आम्हा दोघांच्या मधे ती बसली, मेस्त मागे हौद्यात चढला. सुरूच्या झाडांतून रस्ता जातो. पहिली काही मिनिटं तिने समोरची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. मग एक हात सोडला. मग दुसरा. खड्डा आला तेव्हाही धरली नाही.

"गाडी बरी चलता," ती म्हणाली. "बसीसारखो आवाज नाय. कोणी केली?"

"मेस्तांनी," माझी बायको म्हणाली.

"खयच्या मेस्तांनी?"

बायकोने मागच्या काचेकडे बोट दाखवलं. ती वळली. मागे हौद्यात, एक्सलच्या बरोबर वर, मेस्त मांडी घालून बसला होता. डोळे मिटलेले, मान कललेली, एक तळवा फळीवर टेकलेला. वाऱ्याने पांढरे केस उभे राहिले होते. ती बराच वेळ काचेतून त्याच्याकडे बघत राहिली.

"जरा थांबवा," ती मला म्हणाली.

मी गाडी थांबवली. मला वाटलं तिला मळमळतं आहे. ती खाली उतरली, मागे गेली आणि फळीला धरून वर चढायला लागली. माझ्या बायकोने तिला हात दिला. मेस्ताने डोळे उघडले आणि गडबडून म्हणाला, "गो, पुढे बस. हय धूळ येता."

"येवंदे," ती म्हणाली, आणि पातळ सावरून त्याच्या शेजारी फळीवर बसली. "तुमी काय ऐकतास, ता माका ऐकूचा आसा."

मेस्ताने थोडं सरकून तिला बरोबर मधली जागा दिली. मी पहिला गियर टाकला आणि गाडी सावकाश समुद्राकडे घेतली.